शून्याच्या जागी रेघ

हमीदभाई, मी सूर्य पाहिला नव्हता.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मेधाला, माझ्या बायकोलाही नाही. तुम्हाला तर नाहीच. तुम्ही गावी होतात त्या उन्हाळ्यात तुमच्या वहीत मी जे गोल काढले आणि त्यांच्याखाली जी शून्यं लिहिली, त्यांतली पहिल्या तीन आठवड्यांची तेवढी खरी. त्यापुढची सगळी मी दुबईत, करामाच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, शुक्रवारी दुपारी एका बैठकीत सात, अशी काढली. त्या दिवसांत सूर्यावर काय होतं, काय नव्हतं, मला माहीत नाही.

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहून द्या म्हणून फोन आला. "ते वेल्डिंग तपासायचे आणि सूर्य बघायचे, ते तुमचे दोस्त ना?" मी हो म्हटलं. जन्म कुठे, शाळा कुठली, आखातात कधी आलात, हे सगळं तुमची मुलगी सना लिहील, माझ्यापेक्षा बरं लिहील. मला रडूही आलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. कब्रस्तानात सगळ्यांबरोबर मीही तीन मुठी माती टाकली, पण हाताला काही कळलं नाही. घरी येऊन हात धुताना नखांत माती दिसली, तेव्हा टाकली होती हे कळलं. अजून तसंच आहे. जेवतो, ऑफिसला जातो, सिग्नलला थांबतो.

शारजाजवळ हमरियाच्या पोलादकामाच्या यार्डात मी प्लॅनिंगला नवीन लागलो होतो तेव्हाचं आठवतं. तुम्ही जोड तपासत होतात. मी कागद घेऊन उभा, किती झाले, किती राहिले विचारायला.

"इकडं ये रे, पुणेकर."

"पुणे नाही, चिंचवड."

"तेच ते."

"गुहागर आणि दापोली एकच म्हटलं तर तुम्हाला चालेल?"

तुम्ही वर बघितलंत. "नाय चालणार," म्हणालात आणि हसलात. तिथून आपलं सुरू झालं. तुम्ही माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. मी शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणत राहिलो, तुम्ही पहिल्या मिनिटापासून 'तू'.

वेल्डवर तुम्ही आधी पांढरा रंग फवारलात. मग तो दोन पायांचा विजेचा चुंबक, ज्याला यार्डात सगळे योक म्हणत, जोडावर टेकवलात आणि लोखंडाच्या बारीक भुकटीचं काळं पाणी वरून सोडलंत. पाणी वाहून गेलं. एका जागी मात्र भुकटी थबकली आणि केसाएवढी काळी रेघ धरून बसली. मी वाकून पाहिलं. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं.

"चुंबकाच्या रेषा पोलादातून गुमान चालल्यात," तुम्ही म्हणालात. "चीर आली की वाट बंद. मग त्या वर येतात, बाहेरून उडी मारतात नि पलीकडं परत आत. जिथं बाहेर आल्या तिथं भुकटी बसली. एवढीच आपली विद्या."

मग योक नव्वद अंशांत फिरवून तोच जोड परत तपासलात. मी म्हटलं, आत्ताच तर झाला. "रेषांच्या दिशेनंच चीर असली तर ती दिसत नाय," तुम्ही म्हणालात. "आडवं विचारायचं, मग उभं विचारायचं. एकदा विचारून कुणी खरं सांगत नाय."

हे वाक्य मी तेव्हा विसरून गेलो. पुढे ते मला फार महागात पडलं.

दहाच्या चहाला तुम्ही मला केबिनच्या मागे नेलंत. तिथे तिवईवर ती छोटी दुर्बीण होती. बाराशे दिरहमची, म्हणजे पंधरा हजार रुपये, असं भाभी प्रत्येक पाहुण्याला हिशेब करून सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "एवढ्यात फ्रीज आला असता." दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, ही तुमची पहिली शिस्त. सूर्याचं बिंब मागच्या खोक्यात पांढऱ्या पुठ्ठ्यावर पडायचं. वहीत आधीच एक गोल काढलेला असे, पाइपाच्या जुन्या गास्केटच्या चकतीभोवती पेन्सिल फिरवून. पुठ्ठ्यावर दिसतील तेवढे डाग त्या गोलात उतरवायचे. मोजायची रीतही सोपी: डागांच्या प्रत्येक गटाला दहा, प्रत्येक डागाला एक, आणि बेरीज गोलाखाली. कुठल्याशा हौशी निरीक्षकांचा एक गट होता, जगभरच्या अशा वह्या जमवणारा. त्यांना तुम्ही वर्षाच्या शेवटी आकडे पाठवायचात.

"हा आपला मोठा जोड," पुठ्ठ्यावरच्या काळ्या ठिपक्यांवर पेन्सिल ठेवून तुम्ही म्हणालात. "इथं पण रेषा आतून बाहेर आल्यात. एका डागातून वर, दुसऱ्यातून खाली. म्हणून बघ, बहुतेक जोडीनं असतात. चुंबक एवढा जबर की खालची उष्णता वर येऊ देत नाय. म्हणून जागा थंड पडते नि काळी दिसते. थंड म्हणजे आपलं पोलाद वितळवील एवढी थंड."

आणखी दोन नियम होते. वहीत खोडरबर नाही; चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. यार्डातल्या रिपोर्टांची तीच रीत होती, ती तुम्ही सूर्यालाही लावलीत. दुसरा नियम मला धुळीच्या दिवशी कळला. आकाश पिवळं झालं होतं, पुठ्ठ्यावर नुसता मळकट उजेड. मी म्हटलं, "भाई, शून्य लिहा आणि चला, चहा गार होतोय."

तुम्ही पेन्सिल थांबवलीत. "शून्य कशाला? बघितला काय मी?"

"काही दिसत नाही ना पण."

"दिसत नाय आणि नाय, यात फरक आहे, राजा. शून्य म्हणजे मी बघितलं नि डाग नव्हता. बघितलंच नसेल तर रेघ मारायची." आणि गोलाखाली एक आडवी छोटी रेघ मारलीत. "रेघेला लाज नसते."

त्या काळात सूर्य खवळलेला होता. एका सकाळी यार्डातून समुद्रावरच्या बार्जशी रेडिओवर बोलणं चाललं होतं आणि मधेच आवाज गेला. रेडिओवाला जॉर्ज डबा बडवायला लागला. तुम्ही केबिनमागे जाऊन आलात. पुठ्ठ्यावरच्या मोठ्या गटात डाग एकमेकांत घुसून बसले होते, उत्तर कुठली, दक्षिण कुठली कळू नये असे.

"जॉर्ज, बडवू नको. वरून झालंय. आठ मिनिटांपूर्वी झालंय. अर्ध्या तासात येईल आवाज, इन्शाल्ला."

आला. जॉर्जने तुमच्याकडे असं बघितलं की जणू तुम्हीच बंद केला होतात.

"हा नुसता उजेड आला," तुम्ही मला म्हणालात. "भडका झाला त्याची किरणं. कधीकधी त्याच्याबरोबर सूर्य आपलाच एक तुकडा फेकतो, चुंबकासकट. तो यायला दोन दिवस घेतो, कधी तीन. आधी चिठ्ठी, मागनं पाहुणा."

मी विचारलं, भडका होतो कशाने? जळतं काय? तुम्ही क्रेटवर पडलेला नायलॉनचा दोर उचललात. एक टोक माझ्या हातात दिलंत आणि दुसरं पिळायला लागलात. दोर घट्ट झाला, आणखी घट्ट झाला, आणि मग एकाएकी मधेच एक फास उभा राहिला, बाजूला, कमानीसारखा. मी दचकलो.

"सूर्य एकसारखा फिरत नाय," पिळता पिळता तुम्ही सांगत होतात. "कंबर पंचवीस दिवसांत फिरते, टोकांना महिन्याच्या वर लागतो. मग आतल्या रेषांचं काय होणार? ताणल्या जातात, गुंडाळल्या जातात, पीळ बसतो. पीळ मावेना झाला की अशी कमान वर येते. शेजारी दुसरी कमान. दोघी एकमेकींवर दाबल्या जातात, उलट दिशेच्या रेषा समोरासमोर येतात. आणि मग खलास. एका मिनिटात जोडणी बदलते. हिचा पाय तिला, तिचा हिला. वर्षाचा पीळ मिनिटात सुटतो. तोच भडका."

"म्हणजे तुटतं."

"तुटत नाय रे. चुंबकाच्या रेषेला टोकच नसतं, तुटणार कुठून? जोडणी बदलते."

"आधीची जोडणी राहत नाही, म्हणजे तुटलीच की. आपल्या यार्डात याला तुटणंच म्हणतात."

"यार्डात."

मी म्हण टाकली, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तुम्ही दोर सोडून दिलात. तो आपोआप उलगडत जमिनीवर पडला. "तुमचा तो सुंभ सूर्यावर चालत नाय," म्हणालात. "तिथं सुंभ राहतो. पीळच जळतो."

हा वाद आपण किती वर्षं घातला, भाई? तुटतं की जोडणी बदलते. रमझानात तुमच्याकडे इफ्तारला बसून, आमच्याकडे फराळ खाता खाता. मेधा म्हणायची, "तुम्हा दोघांना दुसरं काही सुचत नाही का?" तो अजून मिटलेला नाही. मी हरलो होतो, हे कधी कबूल केलं नाही एवढंच.

मग २००८ची दिवाळी झाली, मंदी आली आणि पुढच्या काही आठवड्यांत यार्ड ओस पडत गेलं. टॉवरांसाठी कापलेले खांब जिथे होते तिथेच राहिले. रंगाची वाट बघत त्यांच्यावर धूळ बसली, मग गंज. दुबईच्या बाजूच्या क्रेन ज्या दिशेला तोंड करून थांबल्या त्याच दिशेला महिनोन् महिने तोंड करून उभ्या. गुरुवारी संध्याकाळी कमी केलेल्यांची लिस्ट लागायची. लोक एकमेकांना कसा आहेस विचारेनासे झाले होते. "आहेस ना?" एवढंच विचारायचे.

आणि सूर्यही कोरा होता. आठवडेच्या आठवडे एक डाग नाही. पुठ्ठ्यावर नुसतं स्वच्छ गोल बिंब, धुतलेल्या ताटलीसारखं.

"वरच्यानं पण स्टाफ कमी केला," तुम्ही म्हणायचात.

मला ते कोरं बिंब बघून बरं वाटायचं. निदान तिथे तरी शांत आहे, असं मी एकदा म्हटलं. तुम्ही मान हलवलीत. "डाग नाय म्हणजे आत काय चाललं नाय, असं नाय. पीळ बसणं चालूच आहे. दिसत नाय एवढंच."

जानेवारी उलटला आणि लिस्टीत तुमचं नाव आलं. काढलं नव्हतं, लाँग लीव्ह, बिनपगारी, काम आलं की बोलावू. तुम्ही योक पुसून कपाटात ठेवलात. मग दुर्बीण, गास्केट आणि चालू वही माझ्या टेबलावर आणून ठेवलीत. भाभी आणि सना आधीच गावी गेल्या होत्या.

"दहाच्या चहाला. पाच मिनिटं. तुझे डोळे चांगले आहेत."

"मला जमेल का, भाई?"

"त्यात जमायचं काय? सूर्य तसाच येतो, तू जायचं." मग म्हणालात, "नोकरी गेली तर दुसरी मिळेल रे. दिवस गेला तर तोच दिवस परत बघायला मिळत नाय."

तीन आठवडे मी इमानाने पाहिलं. हे तेवढं माझं खरं आहे. पाच मिनिटं पुठ्ठ्याची कड न् कड शोधायची, काही नाही, मग शून्य. ते शून्य लिहिताना हाताला वजन जाणवायचं. पाहून लिहिलेल्या शून्याला वजन असतं, हे मला तेव्हा कळलं.

एकविसाव्या दिवशी आमचा मॅनेजर केबिनच्या मागे आला. मी पुठ्ठ्यावर वाकलेला. त्याने माझ्याकडे बघितलं, दुर्बिणीकडे बघितलं. "हबीबी, नो वर्क?" म्हणाला. हसून म्हणाला. आणि गेला. तो बुधवार होता. दुसऱ्या दिवशी लिस्ट लागणार होती.

लिस्टीत मी नव्हतो. पण त्यानंतर दहा वाजले की माझे पाय केबिनच्या मागे वळेनात. टेबलाशी बसून राहायचो, स्क्रीनवर एखादं जुनं शेड्यूल उघडून. उन्हाचा, दमल्याचा प्रश्न नव्हता, भाई. कुणी मला रिकामं बघेल, या भीतीने मी सूर्याकडे गेलो नाही.

पहिल्या दिवशी रेघच मारणार होतो. खरंच. पेन्सिल टेकवली होती. पण रेघ मारली तर तुमचा फोन आल्यावर सांगावं लागणार, का नाही बघितलंस? आणि 'मला भीती वाटली' हे वाक्य मला कधी कुणाशी बोलता आलेलं नाही. म्हटलं, कालपर्यंत कोराच होता, आजही कोराच असणार. शून्य लिहिलं. हाताला काही वाटलं नाही. पुढे तर शुक्रवारी बसून आठवड्याचे गोल एकदम मारून ठेवायला लागलो.

मेधाने एकदा विचारलं, "काय चाललंय?"

"हमीदभाईंचं काम."

"ते उन्हात जाऊन बघायचं असतं ना?"

"फेअर करतोय."

ती आत गेली. मी सातवा गोल पुरा केला.

तुम्ही आठवड्यातून एकदा फोन करायचात. मागे समुद्राचा आवाज, कोंबड्या, भाभी कुणावर तरी ओरडतायत. "काय रे, सूर्य काय म्हणतो?"

"शून्य, भाई."

"एकदम साफ?"

"साफ."

"कंपनीसारखा," तुम्ही हसायचात. मग हळूच, "माझं काय बोलणं झालं काय तिथं?" कधीच झालेलं नसायचं. तेही मी 'बघतो' म्हणून सांगायचो. त्या दिवसांत मी सगळ्याच गोष्टी न बघता सांगत होतो.

साडेपाच महिन्यांनी तुम्ही परत आलात, आपल्या यार्डात नाही, शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात तपासणीच्या एका लहानशा दुकानात. पगार आधीच्या निम्मा. पहिल्या शुक्रवारी घरी आलात आणि मेधाच्या हातचा चहा घ्यायच्या आधी वही मागितलीत. एकेक पान उलटत गेलात. तुमच्या स्वतःच्या वहीत महिन्याला चार-पाच तरी रेघा असायच्या: धूळ, ढग, ताप, ईद. माझ्या पानांत एकही रेघ नव्हती. जो माणूस खरं पाहतो त्याच्या हातून असं होत नाही. कुणीही ओळखलं असतं.

तुम्ही वही मिटलीत. डोळे भरले होते तुमचे. "एक दिवस चुकवला नायस रे," म्हणालात. आणि माझ्या पाठीवर हात ठेवलात.

तो हात अजून तिथे आहे.

वर्षाच्या शेवटी तुम्ही आकडे पाठवलेत. काही महिन्यांनी त्या निरीक्षकांचं पत्र आलं. आपण करामातल्या आपल्या नेहमीच्या उडप्याकडे बसलो होतो. तुम्ही ते मला मराठीत समजावून सांगितलंत. बाकी सगळं उत्तम, पण त्या उन्हाळ्यात तीन वेळा लहानसे गट उगवून मावळले, अनेकांनी ते पाहिले, तुमच्या वहीत मात्र तिन्ही वेळा शून्य आहे. एकदा तपासून कळवाल का? भाषा फार अदबीची होती.

तुम्ही डोशाचा तुकडा मोडलात, खाल्ला नाही. "सुधीर, एक विचारू? राग नको मानू."

"विचारा ना."

"बघत होतास ना रे?"

"हो, भाई. रोज."

मी चटणी घेतली. तुम्ही दोन क्षण माझ्याकडे बघत होतात, मग चेहरा मोकळा झाला. "मग झालं. मग भिंगच." तुम्ही एकदाच विचारलंत. कुठल्याही जोडाला तुम्ही आडवं विचारायचात आणि उभंही विचारायचात. मला एकाच दिशेने विचारलंत आणि सोडून दिलंत. चीर त्याच दिशेला होती.

पुढच्या आठवड्यात तुम्ही दुर्बीण उघडलीत, भिंगं काढलीत, पुसलीत, परत बसवलीत. त्यांत काही नव्हतं. पण तुमच्या मनात शंका बसली होती. माझ्यावर नाही, स्वतःच्या यंत्रावर. मग तुम्ही त्या निरीक्षकांना लिहिलंत की माझ्या मित्राने रोज पाहिलं आहे, त्याची मला खात्री आहे, तेव्हा दोष माझ्या दुर्बिणीत असणार. तो कधीपासून आहे ते मला सांगता येत नाही, म्हणून माझ्या आधीच्या आठ वर्षांच्या नोंदीही धरू नयेत. आणि प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या त्या टोकदार अक्षरात ओळ लिहिलीत: 'या दुर्बिणीत लहान डाग दिसत नाहीत. नोंदी भरवशाच्या नाहीत.' खाली सही.

तुम्ही हे मला फोनवर सांगितलंत, सहज, टायर बदलला असं सांगावं तसं. मी "अच्छा" म्हटलं.

अच्छा म्हटलं, भाई. तुमची आठ वर्षं जात होती आणि मी अच्छा म्हटलं.

त्यानंतर तुम्ही कुठेच काही पाठवलं नाही. गोल मात्र काढत राहिलात, दुकानाच्या मागच्या बोळात, दहाच्या चहाला. सूर्य पुन्हा डागांनी भरला, पुन्हा रिकामा झाला, आता परत भरला. मी किती वेळा सांगायला आलो ते तुम्हाला माहीत नाही. सनाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आलो होतो. भाभींच्या ऑपरेशननंतर आलो होतो. प्रत्येक वेळी तुम्ही काहीतरी चांगलं वागायचात आणि माझं राहून जायचं. तुम्ही म्हणायचात ना, पीळ मावेना झाला की कमान वर येते? माझ्यात ती आली नाही. माझं बिंब कोरंच राहिलं. सोळा-सतरा वर्षं.

हॉस्पिटलात शेवटचा आलो तेव्हा दुपार होती. पडदा अर्धा उघडा होता, उन्हाचा चौकोन तुमच्या पायांवर पडला होता. तुमचा आवाज पार खाली गेला होता.

"काय रे. आज किती?"

घरून निघाल्यापासून मी ठरवलं होतं, आज सगळं सांगायचं. तोंडातून एवढंच आलं: "आज बघितलं नाही, भाई."

तुम्ही हसलात. ओठांच्या एकाच बाजूने. "मग रेघ मार," म्हणालात, आणि डोळे मिटलेत. तेवढ्यात सना आत आली.

तुमच्या वह्यांच्या नोंदींबद्दल मी तुमच्याशी बोललेलं खरं वाक्य तेवढं एकच.

परवा सनाने मला वह्या आणून दिल्या, दोन खोकी भरून. "अंकल, आय डोन्ट नो व्हॉट टू डू विथ दीज. अब्बा यूज्ड टू से, देअर इज अ मिस्टेक इन ऑल ऑफ देम. बट ही नेव्हर थ्र्यू देम." मी म्हटलं, माझ्याकडे राहू दे. ती म्हणाली, "वन बुक इज युवर्स, नो? ही सेड सुधीर नेव्हर मिस्ड अ डे."

ती गेल्यावर मी ती वही पान न् पान पाहिली. मला आशा होती, कुठेतरी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह असेल. समासात एखादी खूण. तुम्ही ओळखलं असेल आणि मोठ्या मनाने गप्प राहिला असाल. शोधून शोधून डोळे दुखले. काही नाही. तुम्ही ओळखलं नव्हतंत. तुम्ही माझ्यावर शेवटपर्यंत विश्वास ठेवलात आणि तो ठेवून गेलात. ओळखलं असतंत तर मला सोपं गेलं असतं.

दुर्बीणही त्याच खोक्यात आहे. काल शनिवारी मी ती शारजातल्या त्या बोळात नेली, दहा वाजता. पुठ्ठ्यावर बिंब आलं. चार गट होते. कडेला एक अगदी लहान, टाचणीच्या टोकाएवढा, एकटा. स्वच्छ दिसत होता. भिंगाला काहीही झालेलं नाही, भाई, कधीच झालेलं नव्हतं.

हा लेख छापून यायच्या आधी मला हे सनाला तोंडाने सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही. त्या निरीक्षकांना पत्र लिहायचं आहे, माझ्या नावाने, की हमीदभाईंची दुर्बीण ठीक होती, नोंदी ठीक होत्या, एका उन्हाळ्यात पाहणारा नव्हता. त्यांची आठ वर्षं त्यांना परत द्या. तेही अजून लिहिलेलं नाही. आणि त्या वहीत माझ्या बाविसाव्या गोलापासून एकशे पंचेचाळीस शून्यं आहेत. प्रत्येकावर एक रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला माझी सही करायची. एवढं मी तुमचं देणं लागतो.